थोडा वेळ थांबलं की नेट पुन्हा हळू का सुरू होतं?

चाकण : ई-पीक पाहणीचा एक फोटो झटकन जातो. मग बांधावर मिनिटभर फिरून दुसरा पाठवला की तो सुरुवातीला रेंगाळतो. रेंज तीच, पॅक तोच. मग असं का?

मोबाईलमधली माहिती लहान पाकिटांनी जाते. एका वेळी किती पाकिटं सोडायची, हे 'टीसीपी' ही पद्धत ठरवते. सुरुवात साधारण १० पाकिटांनी होते. पोच आली की २०, मग ४०, मग ८०. पाकीट हरवलं की आकडा कमी होतो.

जोडणी काही वेळ रिकामी राहिली तरी हा आकडा खाली आणला जातो. तळेगाव चौकातून दुपारी गाडी सुसाट निघाली, म्हणून शिफ्ट सुटल्यावरही तशीच निघेल असं नाही. मधल्या वेळात रस्ता भरलेला असू शकतो. जुन्या अंदाजाने सगळी पाकिटं एकदम सोडली तर कोंडी होते.

अशी कोंडी ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कले इथे झाली. अर्ध्या किलोमीटरपेक्षा कमी अंतरावर सेकंदाला ३२ हजार बिटचा वेग ४० बिटवर आला. त्यावर व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये हळू सुरुवातीचा उपाय मांडला.

२ एमबीच्या फोटोची सुमारे १४०० पाकिटं होतात. १० पासून दुप्पट करत गेलं तर ८ फेऱ्या, म्हणजे साधारण एक-दोन सेकंद लागतात. त्यामुळे लगेच ॲप बंद करून पुन्हा उघडू नये. नवी जोडणीही १० पासूनच सुरू होते. मिनिटभर अडकलं, तर मात्र कमी रेंज किंवा टॉवरवरची गर्दी हे कारण असू शकतं.