पॉवरपॉइंट कराओके

पॉवरपॉइंट कराओके : आधी कधीही न पाहिलेल्या स्लाइड्स पडद्यावर येतील तशा त्यांच्यावर, जणू रात्र जागून आपणच त्या केल्या आहेत अशा थाटात, बोलण्याचा खेळ. मराठीत याला रुळलेले नाव नाही. ‘उत्स्फूर्त सादरीकरण’ म्हणता येईल, पण हा शब्द मंत्रालयातून जावक क्रमांक घेऊन आल्यासारखा वाटतो. ‘कराओके’तला ‘कारा’ म्हणजे जपानीत रिकामे आणि ‘ओके’ हे ‘ऑर्केस्ट्रा’चे आखूड रूप. मुलुंड-बोरिवलीत कराओके म्हटले की ज्येष्ठांचे रफी-मुकेश आठवतात. त्याच्याशी गल्लत करू नये : तिथे निदान चाल पाठ असते, इथे वक्त्याला पुढच्या स्लाइडमधले ओ की ठो ठाऊक नसते.

खेळाचा जन्म बर्लिनचा. त्सेंट्राले इंटेलिगेंत्स आगेंटुर या लेखक-पत्रकारांच्या गटाने २००६ मध्ये तो तिथे जाहीरपणे खेळून दाखवला. अमेरिकेत तो ‘बॅटलडेक्स’ झाला. पॉवरपॉइंट हे सॉफ्टवेअर फोरथॉट कंपनीने १९८७ मध्ये मॅकिंटॉशसाठी आणले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १ कोटी ४० लाख डॉलर मोजून ती कंपनीच विकत घेतली. म्हणजे पॉवरपॉइंट आणि त्याची टिंगल यांत १९ वर्षांचे अंतर आहे. एखाद्या गोष्टीची नक्कल करण्याआधी ती पुरेशी सोसावी लागते. मध्यंतरी, २००३ मध्ये, टोकियोत पेचाकुचा सुरू झाले : २० स्लाइड्स, प्रत्येकीला २० सेकंद, स्लाइड आपोआप पुढे सरकणार. ती शिस्त बोलणाऱ्याला पाल्हाळ लावू न देण्यासाठी होती. या खेळात तीच फासासारखी वापरतात.

चित्र दाखवत बोलणे आपल्याकडे नवे नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी सुट्या चित्रांची पोथी समोर ठेवून एकेक चित्र उचलत रामायण-महाभारतातली आख्याने गातात. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाताने रंगवलेल्या काचांची चित्रे पडद्यावर पाडणारे ‘शांबरिक खरोलिका’ हे खेळ केले, तेही निवेदनासह. मात्र या दोन्हींत क्रम ठरलेला आणि कथा मुखोद्गत. पिंगुळीची पोथी कोणी पिसून परक्याच्या हाती दिली तर जे होईल, ते पॉवरपॉइंट कराओके. दुसरा धागा उत्स्फूर्त वक्तृत्वाचा. चिठ्ठी उचला, दोन मिनिटे विचार करा, बोला, हा प्रकार शाळा-कॉलेजांत जुना आहे. बीबीसीच्या १९६७ सालच्या ‘जस्ट अ मिनिट’ या रेडिओ-कार्यक्रमावरून आलेला ‘जॅम’, म्हणजे न अडखळता, न भरकटता, पुनरुक्ती न करता मिनिटभर बोलणे, कॉलेजांच्या महोत्सवांत मुरला. पवईच्या आयआयटीचा मूड इंडिगो त्यांतला नामांकित. या दोन्ही धाग्यांत विषय ही वक्त्याची काठी असते. इथे स्लाइड ती काठी दर वीस सेकंदांनी ओढून घेते.

मुंबईच्या उपनगरांत या खेळाला वेगळी तालीम लागत नाही. अंधेरीच्या सीप्झपासून मालाडच्या माइंडस्पेसपर्यंतच्या कचेऱ्यांत ‘पीपीटी पाठव’ हे वाक्य दिवसभर कानी पडते, पण खरी तालीम घराखालीच होते. जुन्या इमारतीचा पुनर्विकास निघाला की विकासक सभासदांपुढे स्लाइड्स लावतो : हिरवळ, तरणतलाव, वाढीव चटई क्षेत्र, भाडे, कॉर्पस. सहकार कायद्याच्या कलम ७९(अ)खाली शासनाने पुनर्विकासाची कार्यपद्धती २००९ मध्ये ठरवून दिली आणि २०१९ मध्ये सुधारली. तेव्हापासून घाटकोपरच्या निवृत्त शिक्षकालाही ‘या स्लाइडमध्ये आपण पाहू शकता’ हा सूर तोंडपाठ आहे. खेळाडू नक्कल करतो ती बहुधा साहेबाची नव्हे, या सुराची. आलेख कशाचा हे न सांगता त्याच्यावर समाधान व्यक्त करणे ही त्यातली पहिली पायरी.

डाव साधा. एक जण संच जुळवतो, पाच ते दहा स्लाइड्सचा. वक्ता विषयाची चिठ्ठी उचलतो, लगेच उभा राहतो. रिमोट त्याच्या हाती नसतो. संच नुसता चमत्कारिक असून भागत नाही. सगळीच चित्रे विक्षिप्त असली तर तिसऱ्यापासून हसू ओसरते. एखादा गंभीर तक्ता, एखादा कोणाच्या तरी सहलीचा फोटो आणि भलत्याच जागी पेरलेली ‘थँक यू’ची स्लाइड, एवढ्यावर डाव रंगतो.

नोंदकाराने पाहिलेला एक डाव मुलुंडच्या गच्चीवरचा. कोजागिरी, पाण्याच्या टाकीला बांधलेली पांढरी चादर, मसाला दूध गरम व्हायचे होते. दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीला विषय आला डासांच्या बंदोबस्ताचा. पहिली स्लाइड घसरता आलेख. तो तिने ‘आपल्या सहनशक्तीचा’ ठरवला. मग उंट. ती क्षणभर गप्प, आणि मग : ‘बी विंगमध्ये याला डास चावत नाहीत, कारण याने मेंटेनन्स वेळेवर भरलाय.’ तिसरी स्लाइड ‘थँक यू’ निघाली. लोक टाळ्या वाजवायला लागले तशी तिने हात वर केला : ‘हे आभार डासांतर्फे होते. आता मूळ मुद्दा.’ शेवटी कुठल्याशा पूर्वेकडच्या लिपीतला भला मोठा तक्ता. तिने बोट एका रकान्यावर नेले, बराच वेळ ‘वाचला’ आणि हळू आवाजात म्हणाली, ‘हा तिसरा रकाना सेक्रेटरी काकांनी घरी जाऊन एकटे असताना बघावा.’ काका सर्वांत जास्त हसले. दूध मागे उतू गेले.

ती एकदाही स्वतः हसली नव्हती. विनोद करू पाहणारा या खेळात लवकर आपटतो. अहवाल वाचणारा टिकतो. बोलणे मराठी आणि स्लाइडवरचे शब्द इंग्रजी असले तर आणखी मजा येते, कारण वाचता वाचता चुकीचे भाषांतर करण्याची सोय मिळते. ‘ग्रोथ’ला ‘गाठ’ म्हणून पुढचे सगळे भाषण दवाखान्याकडे वळवता येते.

२०२० मध्ये जॅकबॉक्स गेम्सने ‘पार्टी पॅक ७’मध्ये ‘टॉकिंग पॉइंट्स’ नावाने याचीच पडद्यावरची आवृत्ती काढली. त्यात वक्ता बोलत असताना पुढचे चित्र कोणते ते दुसरा खेळाडू निवडतो, म्हणजे संच जुळवणाऱ्याचा खोडसाळपणा बोलणे चालू असतानाच कामी येतो. गच्चीवर ती सोय नाही. वापरलेला संच एका डावात शिळा होतो, आणि ज्याने तो तासभर खपून जुळवला, त्याला सगळी उत्तरे ठाऊक असल्यामुळे त्या डावात बोलायची बंदी असते.