तळटीप : ‘लॉक दाबून ट्रॉली काढली’

वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. ट्रॅक्टरच्या मागच्या धुऱ्यातले डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगळ्या गतीने फिरू देते, पण जोर मात्र दोन्हींना सारखाच वाटून देते. अडचण इथेच आहे. पुण्याच्या मंडईबाहेर भाजीचा पाला आणि चिखल तुडवून झालेल्या राड्यात एक चाक गेले की ते मोकळे फिरते. त्याला फिरायला लागतो तेवढाच तुटपुंजा जोर कोरड्यावरच्या चाकालाही मिळतो, आणि भरलेली ट्रॉली जागची हलत नाही. डिफरन्शियल लॉकचे पेडल दाबले की दोन्ही चाके एकजीव होऊन बरोबरीने फिरतात आणि कोरड्यावरचे चाक गाडी ओढते. चाक गरगरत असताना मात्र लॉक घालू नये, दाते मोडतात. आधी क्लच दाबून चाक थांबवावे. लॉक लागलेला असताना वळूही नये. लॉक नसेल तर जाणते चालक घसरणाऱ्या चाकापुरता ब्रेक हलका दाबून दुसऱ्या चाकाकडे जोर वळवतात. दोन वेगळे ब्रेक-पेडल असण्याचा हाही एक उपयोग.

पकड शेवटी वजनावर ठरते, म्हणून मागच्या टायरांत पाणी भरतात. दोनचाकी ट्रॉलीही आपला काही भार हुकावर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर टाकते. चारचाकी तसे करत नाही.

महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीत ट्रॅक्टर कंपनी काढली ती १९६३ मध्ये. मंडईतला घाऊक व्यापार पुढे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. ट्रॅक्टर महिंद्राचा धरला, तर ट्रॉली काढल्याचा हा प्रसंग या दोहोंच्या मधल्या काळातला असावा.