तुरुंग फोडणारे चेअरमन कसे झाले? सातारा-सांगलीतील उसाचे दशक

२४ जुलै १९४३. सांगलीच्या गणेशदुर्गातील तुरुंग फोडून काही तरुण क्रांतिकारक बाहेर पडले. पोलिसांच्या गोळीबारात काहींना प्राण गमवावे लागले, तर त्यांचे म्होरके वसंतदादा पाटील जखमी होऊन पुन्हा पकडले गेले. पुढे पंधरा वर्षे उलटण्याच्या सुमारास हेच वसंतदादा त्याच सांगलीत शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभारत होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम युरोप आणि अमेरिकेत भरभराटीचा काळ आला, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. कृष्णाकाठीही तशी भरभराट आली. फक्त ती थोडी उशिरा आली आणि उसाच्या कांड्यातून आली. साधारण १९५७ ते १९६७ या दहा वर्षांविषयी हा धागा आहे.

आधी जमिनीचे पाहू. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर या भागात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. अनेक कुटुंबे गाव सोडून शहरात गेली, आणि त्यांच्या जमिनींशी असलेला त्यांचा संबंध सैल झाला. हा अप्रिय अध्याय वगळून पुढचा इतिहास नीट समजत नाही. त्याच वर्षी कूळकायदा झाला. पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा ‘कृषकदिन’ ठरला, आणि कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. ज्यांच्याकडे कुळवहिवाटही नव्हती, त्या दलित आणि भूमिहीन कुटुंबांच्या पदरात मात्र यातून फारसे काही पडले नाही.

राजकारणाचा रंग तेव्हा वेगळाच होता. संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटलेले. १९५७ च्या निवडणुकीत प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील साताऱ्यातून लोकसभेवर गेले, तेही कम्युनिस्ट म्हणून. द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण स्वतःच्या कराडमध्ये अगदी थोड्या मतांनी वाचले. काँग्रेसची पश्चिम महाराष्ट्रात वाताहत झाली होती. १९६२ मध्ये मात्र त्याच साताऱ्यातून काँग्रेसचे किसन वीर निवडून आले. पाच वर्षांत असे काय घडले?

१ मे १९६० रोजी मराठी राज्य आले आणि समितीचा मुख्य मुद्दाच संपला, हे उत्तर खरे आहे, पण अपुरे. उरलेले उत्तर साखर कारखान्याच्या रचनेत आहे.

पूर्वी ऊस गुऱ्हाळात जाई आणि गुळाचा भाव अडत्याच्या हाती असे. सहकारी कारखान्यात शेतकरी भाग घेऊन सभासद होई. प्रवरेला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी हा मार्ग दाखवून दिला होता. प्रत्येक सभासदाला एक मत, मग ऊस किती का असेना. पण केवळ सभासदांच्या भागांवर कारखाना उभा राहत नाही. भागभांडवलात राज्य सरकारचा वाटा लागे, मोठे कर्ज लागे, त्याला सरकारची हमी लागे आणि परवाना तर दिल्लीहून येई. म्हणजे कारखाना हवा असेल, तर सत्तेचे दार ठोठावणे भाग होते. माझ्या मते विरोधी पक्षांचा पाया येथेच खचला. मूळचे शेतकरी कामगार पक्षाचे यशवंतराव मोहिते याच काळात काँग्रेसमध्ये आले. त्यांच्या आणि बंधू जयवंतराव भोसले यांच्या नेतृत्वाखाली रेठरे बुद्रुकचा कृष्णा कारखाना वाढला. १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या, आणि कारखान्याच्या संचालकाला सत्तेची पुढची पायरीही मिळाली.

या नव्या वर्गाला शिक्षण कोठून मिळाले? बरेचसे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘रयत’मधून. सातारचे छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ चे, कराडचे गाडगे महाराज कॉलेज १९५४ चे. ‘कमवा आणि शिका’ म्हणत शिकलेली पोरे पुढे शिक्षक झाली, सोसायटीचे सचिव झाली, कारखान्याच्या शेतकी खात्यात लागली.

नदीकाठी मोटेच्या जागी इंजिन आले, इंजिनाच्या जागी विजेची मोटर आली. माण, खटाव, आटपाडी, जत येथे मात्र पाणीच नव्हते. ‘बागायतदार’ आणि ‘दुष्काळी’ अशी एकाच जिल्ह्याची दोन तोंडे याच काळात ठळक झाली.

पश्चिमेला वेगळीच किंमत मोजली जात होती. कोयना धरणाचे काम १९५४ मध्ये सुरू झाले, १९६२ मध्ये वीज वाहू लागली. पाटण आणि जावळी तालुक्यांतील सुमारे शंभर गावे शिवसागराने बाधित झाली. त्या विजेवर मुंबईचे कारखाने चालले, आणि याच डोंगरातील माणसे त्या मुंबईत गिरणीत राबत होती, गोदीत आणि बाजारात पाठीवर ओझी वाहत होती. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा पहिला कायदा झाला १९७६ मध्ये. तोवर कोयनेचे पाणी भरून एक तप झाले होते.

आणि ऊस तोडत कोण होते? दिवाळी झाली की बैलगाड्यांतून टोळ्या येत. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जाई. कारखान्याच्या सभासद-यादीत त्यांचे नाव नसे, कारण सभासद होण्यासाठी आधी ऊस पिकवावा लागे. या टोळ्यांतील पुष्कळशा बीड जिल्ह्यातून येत.

१९६७ मध्ये नाना पाटील पुन्हा लोकसभेवर निवडून गेले. या वेळी साताऱ्यातून नव्हे, बीडमधून.