हिंगोलीहून पुरुषांसाठीचं व्यसनमुक्ती केंद्र शोधताय? भरती करण्याआधी हे वाचा

घरातला माणूस "आता सोडतो" म्हणाला की कुटुंबाची धावपळ सुरू होते. कुणी ओळखीच्या केंद्राचा नंबर देतं, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात पाठवतं. हिंगोली असो की सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ किंवा वसमत, बहुतेकांचे प्रश्न सारखेच असतात: फक्त पुरुषांना ठेवणारं केंद्र कुठे आहे? किती दिवस ठेवतात? पैसे किती लागतात?

यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. अवघड भाग त्यानंतर येतो. ते केंद्र सुरक्षित आणि कायदेशीर आहे का, हे आधी तपासावं लागतं.

केंद्रं पुरुषांसाठी वेगळी असतात का?

हो. भारतातली बहुतेक निवासी केंद्रं पुरुषांसाठीच चालतात, महिलांसाठीची मोजकीच आहेत. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या 'मुक्तांगण'मध्येही महिलांसाठीचा 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग २००९ मध्ये आला.

याचं कारण आकड्यांत दिसतं. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार, देशात २७.३ टक्के पुरुष दारू पितात, तर महिलांचं प्रमाण १.६ टक्के आहे. याच सर्वेक्षणात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठलाही उपचार मिळाल्याचं आढळलं.

आधी केंद्र की आधी डॉक्टर?

आधी डॉक्टर. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली, तर काही तासांत हातपाय थरथरणं, घाम, उलट्या सुरू होऊ शकतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भास होतात, दिवस-रात्र कळेनाशी होते. हे जिवावर बेतू शकतं. अशा रुग्णाला औषधं आणि देखरेख लागते, नुसतं खोलीत बंद करून भागत नाही. फिट आली किंवा माणूस बरळायला लागला, तर १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावं.

प्रत्येकाला भरती व्हावंच लागतं असंही नाही. अनेकांचा उपचार बाह्यरुग्ण विभागातून, घरी राहून होतो. काय लागेल, हे तपासणीनंतर डॉक्टर ठरवतात.

शोध कुठून सुरू करायचा?

- १४४४६: व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय टोल-फ्री हेल्पलाइन. जवळच्या सरकारी अनुदानित केंद्राची माहिती इथे विचारता येते.
- १४४१६: 'टेलि-मानस', २४ तास सुरू. मराठीत बोलता येतं.
- जिल्हा रुग्णालय, हिंगोली: जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाबद्दल इथे चौकशी करावी.
- नांदेड: विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. वसमतकडच्या लोकांना हे सोयीचं पडतं.
- समाजकल्याण विभागाचं जिल्हा कार्यालय: अनुदानित केंद्रांची माहिती इथे मागता येते.

केंद्राला काय विचारायचं?

१. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का? प्रमाणपत्र दाखवा म्हणावं.
२. मानसोपचारतज्ज्ञ कोण, किती वेळा येतात? रात्री काही झालं तर कुठे नेणार?
३. समुपदेशन होतं का, की फक्त कोंडून ठेवतात?
४. कुटुंबाला फोन आणि भेट मिळते का?
५. एकूण खर्च किती? औषधं त्यात धरली आहेत का? पावती मिळेल का?
६. घरी आल्यानंतर पाठपुरावा कसा होतो?

शक्य असेल तर भरतीआधी एकदा जाऊन खोल्या, स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृह बघावं. कुणी आत जाऊच देत नसेल, तर दुसरीकडे बघावं. "१०० टक्के गॅरंटी" देणाऱ्यांपासूनही लांब राहावं.

तो तयारच नसेल तर?

गाडी पाठवून माणूस जबरदस्तीने उचलून नेण्याची 'सेवा' काही जण देतात. कायद्यात असा शॉर्टकट नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनाशी संबंधित आजारही येतात. रुग्णाच्या संमतीशिवाय भरती करायची, तर गंभीर स्थितीची ठरावीक कारणं लागतात. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर यांनी स्वतंत्र तपासणी करावी लागते. अशी भरती सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवसांची असते. साखळीने बांधण्यावर पूर्ण बंदी आहे. मारहाण किंवा अडवून ठेवण्याची तक्रार मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे करता येते. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० हा नंबर आहे.

जेवणात गुपचूप औषध मिसळणंही धोक्याचं आहे. डायसल्फिराम घेतलेल्या माणसाने दारू प्यायली, तर रक्तदाब एकदम घसरू शकतो. हे औषध रुग्णाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं.

घरी आल्यावर काय?

मुक्तांगणचा निवासी कार्यक्रम ३५ दिवसांचा आहे. पण भरतीचे दिवस ही सुरुवात असते. पुढचे महिने गोळ्या, तपासणी आणि 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'सारख्या गटांच्या बैठका चालू ठेवाव्या लागतात. कुटुंबीयांसाठी 'अल-अ‍ॅनॉन' हे वेगळे गट असतात. जवळ बैठक नसेल तर फोनवरून समुपदेशन घेता येतं.

पुन्हा प्यायला म्हणजे सगळं वाया गेलं, असं नाही. व्यसन हा उलटू शकणारा आजार आहे. अशा वेळी भांडणात दिवस घालवण्यापेक्षा त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे परत जाणं जास्त उपयोगाचं ठरतं.