पुलावरचं यंत्र गप्प होईपर्यंत

७ तास आधी, दुपारी ४:४०
पुलाच्या कठड्यावरच्या पेटीत रास्पबेरी पाय ४ बोर्ड आहे. नदीची पातळी तो दर पंधरा मिनिटांनी मोडेमवरून पाठवतो. त्याला नवा लिनक्स कर्नल हवा आहे. बोर्डवरच बिल्ड करायचं तर तासन्‌तास जाणार, म्हणून ते काम लॅपटॉपवर. लॅपटॉपचा प्रोसेसर एक्स८६, बोर्डचा एआरएम६४. म्हणजे क्रॉस-कंपायलेशन आलं.

६ तास आधी
टर्मिनलमध्ये तीन व्हेरिएबल एक्सपोर्ट केली: आर्किटेक्चर कोणतं, कंपायलर कोणता, तयार मॉड्यूल, म्हणजे कर्नलपासून वेगळे ठेवलेले ड्रायव्हर, कुठल्या फोल्डरात ठेवायची.

५ तास आधी
कुणीतरी दुसरं टर्मिनल उघडून तिथून 'मेक' ही बिल्डची आज्ञा चालवली. तिथे व्हेरिएबल नव्हती, त्यामुळे मेक एक्स८६चे प्रश्न विचारू लागला. चूक लगेच कळली, लगेच निस्तरली. अशा चुकांची मला भीती वाटत नाही.

३ तास आधी
बिल्ड पूर्ण. इमेज तपासली, एआरएम६४चीच निघाली.

अडीच तास आधी
सगळं बिघडलं ते इथे, आणि पडद्यावर एकही एरर नव्हती. मॉड्यूल बसवायच्या आज्ञेआधी सवयीने 'सुडो' लिहिलं गेलं. सुडो आज्ञा रूट म्हणून चालवतो, पण एक्सपोर्ट केलेली व्हेरिएबल सहसा सोबत नेत नाही. फोल्डरचा पत्ता गळाला. पत्ता नसला की मेक मॉड्यूल थेट त्याच यंत्राच्या मूळ मॉड्यूल-फोल्डरात टाकतो. एआरएमचे सगळे ड्रायव्हर एक्स८६ लॅपटॉपमध्ये जाऊन बसले. ओळी सरसर वर सरकल्या, प्रॉम्प्ट परत आला. व्हेरिएबल मेकच्या पुढे त्याच ओळीत लिहिली असती तर हे घडलंच नसतं.

दीड तास आधी
ठरलेल्या फोल्डरात मागच्या बिल्डची मॉड्यूल पडून होती. नव्या कर्नलबरोबर तीच पुलावर गेली. फोल्डर रिकामं असतं तर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.

रात्री ११:४०
रीबूट. कर्नल सुरू झाला, कारण एसडी कार्डचा ड्रायव्हर त्याच्या आतच असतो. मोडेमचा मात्र मॉड्यूल म्हणून वेगळा. नव्या कर्नलच्या आवृत्तीच्या नावाचं मॉड्यूल-फोल्डर कार्डावर नव्हतंच, मग मोडेम उठणार कसा? वॉचडॉगही कामाला आला नाही. तो गोठलेलं यंत्र पुन्हा सुरू करतो, आणि हे तर व्यवस्थित चालू होतं. या बोर्डात 'ट्रायबूट'ची सोय आहे: नवा कर्नल एकदाच चालवून बघायचा, पुढच्या रीबूटला जुना आपोआप परत येतो. जिथे पटकन पोहोचता येत नाही, तिथे ट्रायबूटशिवाय कर्नलला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

११:४५
पातळीची नोंद आली नाही. १२ची आली नाही. वर घाटात पाऊस वाढलेला.

१२:३०
गावातून फोन सुरू झाले: पाणी किती चढलंय? पुलाकडचा रस्ता बुडालेला, पेटीपर्यंत जाणं अशक्य. शेवटी गावातल्या दोघांनी काठावरच्या खांबावर रंगवलेली मोजपट्टी टॉर्च मारून वाचायला आणि तलाठ्याला फोनवर आकडे सांगायला सुरुवात केली.