एका दिवसाचा महाराजा

माणसांची घरं पाडायची की राखायची, हे ठरवणाऱ्या साहेबलोकांनाही आधी कोणीतरी शिकवायला हवं ना? भारतात हे काम मनापासून केलं ते पॅट्रिक गेडिस नावाच्या एका स्कॉटिश माणसानं. हा मूळचा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक! एडिंबरोच्या पडक्या वस्तीत बायकोसह राहायला जाऊन, तिथली घरं दुरुस्त करत करत शहर शिकलेला.

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या बोलावण्यावरून 1914 साली तो इथे आला. शहरांचे नकाशे, चित्रं असं त्याचं भलंमोठं प्रदर्शन मागाहून बोटीनं येत होतं. ती बोट 'एमडेन' या जर्मन युद्धनौकेनं बुडवली. (मद्रासवर तोफगोळे टाकणारी तीच ही एमडेन.) पण मित्रांनी घाईघाईनं नवं साहित्य जमवलं आणि 1915 च्या जानेवारीत मद्रासला प्रदर्शन भरलंसुद्धा.

पुढे तो गावोगाव फिरला, पायी, गल्लीबोळांतून. 1896 च्या प्लेगनंतर अधिकाऱ्यांकडे एकच औषध होतं: दाट वस्ती पाडा आणि सरळ रुंद रस्ता काढा. मुंबईत 1898 साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला तो याच धाटणीचा. गेडिसचा प्रश्न अगदी साधा होता. घर पाडलंत, ती माणसं गेली कुठे? शेजारच्या, आधीच खच्चून भरलेल्या खोल्यांत! म्हणजे गर्दी हटली नाही, नुसती सरकली.

त्याचा उपाय म्हणजे 'कॉन्झर्व्हेटिव्ह सर्जरी'. अगदीच मोडकळीला आलेली चार घरं काढा, मोकळ्या जागेचा छोटा चौक करा, झाड लावा, बाकीच्यांना हात लावू नका. तंजावरच्या किल्ल्यातल्या वस्तीसाठी त्यानं हेच सुचवलं. आहेत ते बोळ थोडे रुंद केले तर नवे रस्ते लागतातच कशाला? शिवाय खर्चही कितीतरी कमी. मला विचाराल तर अधिकाऱ्यांना हेच पचलं नसावं. स्वस्त कामाचं उद्घाटन कोण करणार?

इंदूरची गोष्ट तर इंदूरकर नातेवाईकांनी मुद्दाम वाचावी. तुकोजीराव होळकरांच्या काळात, 1917 च्या सुमाराला तिथे प्लेगची धास्ती होती. गेडिसनं एका दिवसापुरतं महाराजपण मागून घेतलं आणि दिवाळीची मिरवणूक जाहीर केली. मिरवणुकीचा रस्ता ठरलेला नव्हता. जिथली घरं सर्वांत जास्त स्वच्छ, डागडुजी केलेली, तिथून ती जाणार! झालं, गल्ल्यागल्ल्यांत चुरस लागली. मिरवणुकीत प्लेगचा भलाथोरला उंदीर होता, आणि स्वच्छ कपडे घालून, गळ्यात हार घालून चालणारे सफाई कामगार. झाडूंनाही फुलं! 1917 च्या हिंदुस्थानात हे दृश्य काय असेल, कल्पना करा. (2017 पासून इंदूर सलग स्वच्छतेत पहिलं येत गेलं. त्याचा याच्याशी संबंध जोडायचा मोह मी आवरतो.)

1918 साली त्यानं इंदूर दरबाराला दोन खंडांचा अहवाल दिला. 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला, गो. स. घुर्ये त्याच्याच तालमीतले. अहवाल बहुतेक फायलींत राहिले. 1947 साली जॅकलिन टिरविट यांनी त्यांतले निवडक भाग काढून 'पॅट्रिक गेडिस इन इंडिया' हे पुस्तक केलं. तुमच्या ओळखीचा एखादा नगरसेवक असेल तर त्याला ते जरूर द्या. तंजावरचा भाग आधी.