‘बल’ : एका रूपकाची हद्दपारी

अभिजात भौतिकीतील ‘बल’ ही संकल्पना मुळात शरीरानुभवातून आलेली आहे. ओढताना, ढकलताना, भार पेलताना स्नायूंना जाणवणारा ताण निर्जीव वस्तूंवर आरोपिला गेला आणि त्या आरोपाला कालांतराने गणिती रूप लाभले. ‘प्रिन्सिपिया’त (१६८७) न्यूटनने व्याख्या देतानाच बजावले होते, की हा बलांचा केवळ गणिती विचार आहे, त्यांच्या भौतिक कारणांचा निर्णय नव्हे. ही सावधगिरी त्याला स्वतःलाही पुरली नाही. माध्यमावाचून एका जड वस्तूने दूरच्या दुसरीवर परिणाम करावा, ही कल्पना त्याने १६९३ मध्ये बेंटलीला लिहिलेल्या पत्रात सर्वस्वी असंबद्ध ठरविली. लायब्निझने पुढे याच मर्मावर बोट ठेवले: असे आकर्षण म्हणजे एक तर अखंड चमत्कार, नाही तर मध्ययुगीन पंडितांचे ‘गूढ गुण’. (बलालाच द्रव्याचे सारतत्त्व मानणारा तत्त्वज्ञही लायब्निझच, हे येथे विसरता येत नाही.)

समीक्षेच्या अभ्यासकाला मात्र अधिक मोलाचा वाटावा तो बर्कलीचा ‘द मोतू’ (१७२१) हा लॅटिन निबंध. यत्न आणि ओढ हे सजीवांचेच धर्म. जडाला ते लावले की ती भाषा रूपकात्मक होते, आणि रूपकांपासून तत्त्वज्ञाने दूर राहावे, अशी त्याची भूमिका आहे. तरीही तो ‘बल’ हा शब्द टाकून देत नाही. समांतरभुज चौकोनाने बलांचे संयोजन करणे गणनेस उपकारक आहे, हे त्याला मान्य आहे; गणनेस उपयोगी पडणे वेगळे आणि वस्तूचे स्वरूप सांगणे वेगळे, एवढाच त्याचा आग्रह. रूपक खोटे असूनही अपरिहार्य असू शकते, ही अडचण त्याने अशी उघडी पाडली. सोडविली मात्र नाही.

पुढची दोन शतके हद्दपारीच्या प्रयत्नांची आहेत. वस्तूंत वसणारी बले दालांबेरला (१७४३) अंधुक, तत्त्वमीमांसेतली वाटली. किर्खहोफने (१८७६) यामिकीचे काम गतीच्या पूर्ण व सुलभ वर्णनापुरते आखून दिले. हर्ट्झने तर मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात (१८९४) काल, अवकाश आणि वस्तुमान या तीनच मूलकल्पनांवर यामिकी उभारली. पण बलाची रिकामी जागा भरण्यासाठी त्याला अदृश्य वस्तुमाने आणि त्यांच्या अदृश्य गती गृहीत धराव्या लागल्या. ही अदृश्य यंत्रणा प्रत्यक्षात कशी चालते याची उदाहरणे ग्रंथात नाहीत, ही खंत प्रस्तावनाकार हेल्महोल्ट्झनेच नोंदवून ठेवली आहे.